पेण-रोह्याचा पाहुणचार

आपल्याकडे जुन्या घरांत एक रीत असे. घरांत कार्य निघालें, म्हणजे आमंत्रणांची यादी करावयास बसण्यापूर्वी घरची कर्ती बाई विहिरीचें पाणी, कोठींतील तांदूळ आणि माजघरांतील जागा यांचा मनाशीं अंदाज घेई. तिचा होकार मिळाला म्हणजे मग पुरुषमंडळी अक्षत घेऊन बाहेर पडत. शहरांत राहावयास आल्यापासून ही रीत आम्ही जवळजवळ विसरलों होतों. ती ज्या प्रवासांत आम्हांस पुन्हां आठवली, आणि खरें सांगावयाचें तर कांहींशा शरमेनें आठवली, त्या पेण व रोहें या दोन गांवांच्या प्रवासाविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

पेण आणि रोहें हीं रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतील, तालुक्याचीं गांवें. २०११ च्या जनगणनेंत पेण शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आंत, आणि रोहे-अष्टमीची वीस हजारांच्या आसपास भरली होती. दोन्हीं खाडीकांठचीं जुनीं बंदरें. बोरघाट उतरून येणारा देशावरचा माल पेणच्या अंतोरा बंदरांत होड्यांवर चढे आणि ओहोटीबरोबर मुंबईकडे निघे. रोह्याचीं गलबतें कुंडलिकेंतून रेवदंडा व कोरलई यांच्या मधून समुद्रास लागत. पुढें सडका झाल्या आणि बंदरांचा जुना व्यापार गेला. १९८६ सालीं रेल्वे रोह्यापर्यंत पोंचली. कोंकण रेल्वेचा आरंभहि रोह्यापासूनच झाला, आणि २६ जानेवारी १९९८ पासून तो मार्ग अखंड सुरू झाला. तेव्हांपासून शिमग्या-गणपतीस जाणारे लाखों चाकरमानी या गांवांवरून जातात. परंतु पेण म्हणजे गणपति आणि पोहे, रोहें म्हणजे गाडी थांबते तें स्टेशन, याहून अधिक ओळख बहुतेकांस नसते.

आतां मात्र काळ पालटला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी ते न्हावाशेवा हा एकवीस किलोमीटरांहून लांब सागरी सेतु खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. पनवेल, उरण व पेण या तालुक्यांतील १२४ गांवें मिळून एक नवें नगर वसविण्याची सरकारची योजना आहे. जें काल वाटेवरचें गांव होतें, तें आज महानगराच्या उंबरठ्याशीं येऊन बसलें. शनिवार-रविवारचे दोन दिवस कोठें घालवावे हा प्रश्न पडलेल्या मुंबईकराची दृष्टि आतां या बाजूस वळली आहे, आणि तिच्या मागोमाग विश्रांतिगृहें, बंगल्यांच्या वसाहती व रस्त्याकडेचे मोठमोठे फलक हेहि आले आहेत. येणाऱ्यांस येऊं नका असें कोणी म्हणूं नये. परंतु ते किती येतील, कोठें राहतील, कोणाचें पाणी पितील, आणि त्यांचा पैसा कोणाच्या घरीं जाईल, याचा विचार पाहुणे दारांत उभे राहण्यापूर्वी झाला पाहिजे.

सन २०२५ च्या अक्षय्य तृतीयेनंतर दोन दिवसांनीं आम्ही सहकुटुंब निघालों. सहकुटुंब म्हणजे मातोश्री, वडील बंधु व वहिनी, धाकटे बंधु व त्यांची पत्नी, आम्ही उभयतां, आणि पांच मुलें, मिळून बारा माणसें. धाकट्या बंधूंचा आग्रह दोन मोटारी कराव्या असा होता. वडील बंधूंनीं गोवा रस्त्याचा व वडखळच्या नाक्याचा पूर्वानुभव सांगितला. मातोश्रींनीं तर, आगगाडींत मुलांस पाय पसरतां येतात, एवढ्या एका कारणावर निकाल देऊन टाकला. म्हणून दिव्याहून सुटणाऱ्या रोहे गाडींत आम्ही बसलों. पनवेल मागें पडलें, आपट्यानंतर डोंगर जवळ आले. जितें गेलें, हमरापूर आलें, आणि रुळांपासून थोड्या अंतरावर पत्र्याच्या लांबलचक छपऱ्यांखालीं ओळीनें उभ्या असलेल्या पांढऱ्या, बिनरंगाच्या गणेशमूर्ति दिसूं लागल्या. मुलें खिडकीशीं दाटलीं. मातोश्रींनीं बसल्या जागेवरून हात जोडले.

पेणच्या या धंद्यास शंभराहून अधिक वर्षें झालीं. आरंभीं तो शहरांतील थोड्या घरांत होता. पुढें हमरापूर, जोहें, कळवें, तांबडशेत या गांवांत तो इतका फैलावला कीं, आज तेथें ज्याच्या घरीं मूर्तिकाम नाहीं असें घर शोधावें लागेल. गणेशचतुर्थी संपून कांहीं दिवस होतात न होतात तोंच पुढील वर्षाच्या कामास आरंभ होतो. परदेशीं जावयाच्या मूर्ति बोटीनें जातात, म्हणून त्यांची पाठवणी उन्हाळ्याच्या आधींच सुरू होते. आपणांस ज्या मूर्तीचें दर्शन भाद्रपदांत दीड दिवस घडतें, ती त्यापूर्वीं कित्येक महिने कोणाच्या तरी ओटीवर, पडवींत, पलंगाखालीं राहिलेली असते. २०२३ सालीं पेणच्या गणेशमूर्तींस भौगोलिक मानांकनहि मिळालें. म्हणजे पेणचें नांव आतां दुसऱ्या गांवच्या मालावर लावतां येणार नाहीं.

शहरांतील एका कारखान्यांत आम्ही गेलों. येथें मूर्तिशाळेस कारखानाच म्हणतात. दाराशीं शाडूचीं पोतीं रचलेलीं होतीं. ही माती गुजरातेंतून येते. आंत एक म्हातारे गृहस्थ साच्यांतून काढलेल्या ओल्या मूर्तीच्या सोंडेवरून पाण्याचें बोट फिरवीत होते. पलीकडे पांच-सहा बायका रंगाचें काम करीत होत्या, आणि एका खिडकीशीं एक तरुण कोणाशींहि न बोलतां डोळ्यांची आखणी करीत बसला होता. ही आखणी साऱ्या कामांत अवघड. त्या वेळीं हात हलला तर मूर्तीचा भाव बिघडतो, म्हणून आखणी करणाऱ्याशीं कोणी बोलूं नये असा संकेत आहे. हें आम्हांस नंतर कळलें. तोंपर्यंत आमच्या मंडळींनीं त्याच्या भोंवतीं कोंडाळें करून, “दिवसाला किती होतात?”, “शिकायला किती वर्षं लागतात?” असे प्रश्न विचारून झाले होते, आणि धाकट्या बंधूंचा मोबाईल त्याच्या कानाशीं येऊन ठेपला होता. म्हातारे गृहस्थ उठून आले व सौम्यपणें म्हणाले, “फोटो काढा साहेब, पण भिंतीशीं उभे राहून काढा. ही मूर्ति ओली आहे. आपल्या बाळाचा धक्का लागला, तर बाप्पाचा हात जाईल आणि माझे दोन दिवस जातील.”

त्यांच्याशीं बोलतां बोलतां धंद्याची निराळी चिंता कळली. शाडूची मूर्ति जड, वाळण्यास वेळ घेणारी आणि प्रवासांत तडकणारी. प्लास्टर ऑफ पॅरिसची हलकी, तासाभरांत सुकणारी आणि स्वस्त. गेल्या कांहीं दशकांत परिसरांतील बहुतेक काम प्लास्टरवर गेलें, कारण दूरदूरचीं गिऱ्हाइकें तीच मागतात. मे २०२० मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध नियम केले. आम्ही गेलों तेव्हां हें प्रकरण उच्च न्यायालयांत होतें आणि छपरांखालच्या हजारों मूर्तींचें पुढें काय होणार हें कोणास सांगतां येत नव्हतें. जून २०२५ मध्यें मूर्ति घडविण्यास वाट मिळाली, परंतु नैसर्गिक नदी-तलावांत त्यांचें विसर्जन करण्यास मनाई राहिली. हा वाद मुंबईच्या चौपाटीवर ऐकतांना सोपा वाटतो. ज्या घरांत वर्षाची कमाई फळ्यांवर मांडून ठेवलेली असते, त्या घरांत तो तितका सोपा राहत नाहीं. येथें एवढेंच नमूद करतों कीं, ज्या कारागिरांस आपण प्रेक्षणीय म्हणून पाहावयास जातों, त्यांचें जगणें आपण गिऱ्हाईक म्हणून काय मागतों यावर टिकून आहे. प्रवासी म्हणून त्यांचें कौतुक करावयाचें आणि गिऱ्हाईक म्हणून स्वस्त तेंच उचलावयाचें, ही विसंगति आमच्याहि घरांत होती, हें आम्ही कबूल करतों.

दुपारीं बाजारांत पोहे घेतले. पेणचे पातळ पोहे व पापड यांची कीर्ति सांगावयास नको. वैशाखाच्या उन्हांत गच्च्यांवर, अंगणांत, खाटांवर पापड वाळत घातलेले होते, आणि त्यांच्या राखणीस काठी घेऊन बसलेल्या आजीबाईंशीं मातोश्रींचा लगेच स्नेह जमला. दोघींनीं पापडखाराच्या प्रमाणावर जो ऊहापोह केला, तो या सबंध प्रवासांतील सर्वांत विद्वत्तापूर्ण संवाद होय, असें वडील बंधूंचें मत आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं खोपोलीच्या रस्त्यानें जाऊन गागोदें पाहिलें. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं आचार्य विनोबांचा जन्म या खेड्यांत झाला. गर्दी नव्हती, फलकांची रांगहि नव्हती. मुलें थोडा वेळ आपण होऊन हळू बोलूं लागलीं, हें आम्हांस विशेष वाटलें.

परत आल्यावर तिसऱ्या प्रहरीं, खाडी पाहावी म्हणून, आम्ही पेणच्या पश्चिमेकडील खारेपाटांत गेलों. येथें जमीन सपाट आणि समुद्राच्या भरतीहून खालीं. पिढ्यान्पिढ्या गांवकऱ्यांनीं मातीचे बांध घालून खारें पाणी बाहेर ठेवलें आणि आंत भात पिकविला; बांध फुटला कीं शेत कित्येक वर्षें नासतें. उन्हानें मुलें कासावीस झालीं, म्हणून एका घरापाशीं थांबून आम्हीं पाणी मागितलें. बाईनें तत्काळ तांब्या-भांडें आणलें. प्याल्यावर मुलांनीं हातपाय धुतले, तोंडें धुतलीं, आणि मुलांच्या रीतीप्रमाणें एकमेकांवर थोडें उडविलेंहि. दोन हंडे रिकामे झाले. ती माउली हंसतच होती. तेवढ्यांत मातोश्रींची नजर पडवींतल्या निळ्या पिंपांकडे गेली. तीं सर्व उपडीं होतीं. त्यांनीं विचारलें, तेव्हां कळलें कीं टँकर तीन दिवसांनीं येतो, कालच यावयाचा होता, आणि आला नाहीं.

मातोश्री एकदम उठल्या. आम्हीं पैसे पुढें केले, ते त्या बाईनें घेतले नाहींत. “पाव्हण्याला पानी दिलं, त्याचं पैसं घ्यायचं का?” एवढेंच ती म्हणाली. परततांना वाटेंत कोणी फारसें बोललें नाहीं. आमच्या पिशवींत विकतच्या पाण्याच्या चार बाटल्या होत्या. थंड नव्हत्या म्हणून मुलांनीं त्या नाकारल्या होत्या.

हा अनुभव आम्हांस अधिक बोंचला, तो आणखी एका कारणानें. याच पेण तालुक्यांत भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचें मोठें धरण आहे. त्याचें पाणी डोंगर ओलांडून नव्या मुंबईच्या नळांत जातें. आमच्या नात्यांतल्याच दोन घरांस तें मिळतें, आणि तेथें बाथरूममध्यें न्हाणीचें टब आहेत. धरणाच्या तालुक्यांत मात्र उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं गांवें आहेत. अशा ठिकाणीं उद्यां पोहण्याचे तलाव असलेलीं पन्नास विश्रांतिगृहें उभीं राहिलीं, तर त्यांचें पाणी कोठून यावयाचें? पैसे देणाऱ्यास टँकर प्रथम मिळतो. म्हणजे ज्या बाईनें आम्हांस दोन हंडे दिले, तिचा तिसरा हंडा आमच्याच पाठीमागून येणारे प्रवासी उचलून नेणार.

पेणहून रोह्यास गाडीनें सुमारें तासाभराची वाट. कासू, नागोठणें, निडी हीं स्टेशनें मधें लागतात. नागोठण्यास अंबा नदीवर मुसलमानी अमलांतला जुना दगडी पूल आहे. रोहें गांव कुंडलिकेच्या कांठीं असून पलतीरावर अष्टमी आहे. दोहोंची नगरपरिषद एकच. ग्रामदैवत श्रीधावीर महाराज. दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते, तेव्हां पोलिसांची सशस्त्र तुकडी देवास सलामी देते, आणि पालखी घरोघर फिरून परत येते. परगांवीं गेलेला रोहेकर दिवाळीस एक वेळ येणार नाहीं, पण पालखीस येतो. स्वाध्यायाचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजीं याच गांवीं झाला. जवळच अवचितगडाची रानानें वेढलेली टेकडी आहे. थोड्या दूर घोसाळगड. नदीकांठीं घाट व फिरण्याची वाट बांधलेली असून, संध्याकाळीं तेथें गांवचीं म्हातारीं माणसें, शाळेचीं पोरें व माहेरवाशिणी बसलेल्या दिसल्या. परक्याच्या डोळ्यांसाठीं नव्हे तर स्वतःच्या बसण्याउठण्यासाठीं गांवानें केलेली अशी जागा पाहिली, म्हणजे परक्यासहि तेथें बसावेंसें वाटतें.

परंतु रोहे तालुक्याकडे प्रवासी ओढला जातो तो याकरितां नव्हे. तो जातो कोलाडास, कुंडलिकेच्या वेगवान पाण्यावर रबरी तराफ्यांतून दहा-बारा किलोमीटर जाण्यासाठीं. वैशाखांत सह्याद्रीच्या साऱ्या नद्या कोरड्या पडलेल्या असतां ही एकटी सकाळच्या प्रहरीं दुथडी भरून खळाळत कशी येते, असा प्रश्न आमच्या पुतण्यानें विचारला. त्याचें उत्तर मनोरंजक आहे आणि दुःखदहि आहे. घाटमाथ्यावर मुळशीस टाटा कंपनीचें धरण आहे. तेथें साठविलेलें पाणी बोगद्यांतून व नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं भिऱ्याच्या विद्युत्गृहावर सोडतात. तें १९२७ सालापासून चालूं आहे. मुंबईस विजेची गरज पडली कीं चक्रें फिरतात, आणि चक्रें फिरवून मोकळें झालेलें पाणी कुंडलिकेंत येतें. पुढें डोलवहालच्या बंधाऱ्यावर तें अडवून कालव्यांनीं शेतीस देतात. म्हणजे देशाकडे वाहावयाची मुळा नदी येथें कोंकणांत उतरली. हें पाणी अडविण्याकरितां मुळशी खोऱ्यांतील किती गांवें बुडालीं, आणि सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ पासून १९२४ पर्यंत मावळ्यांनीं कसा सत्याग्रह केला, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तराफ्यावर बसण्यापूर्वी लाइफ जॅकेट कसें बांधावें हें तेथील तरुणांनीं फार दक्षतेनें शिकविलें. हें पाणी कोठून येतें, हें मात्र कोणी सांगितलें नाहीं. पांच मिनिटें तेंहि सांगितलें, तर आनंदांत उणेपणा येणार नाहीं.

आमचे धाकटे बंधु, त्यांची पत्नी व मोठा पुतण्या तराफ्यांतून गेले. आम्ही कांठाकांठानें पाहत होतों. ते तिघे भिजून, हसत, आरडत परतले, आणि तो आनंद खरा होता. तराफे चालविणारीं बहुतेक मुलें जवळच्या खेड्यांतलीं. त्यांतील एक आधीं मुंबईस एका दुकानांत होता. आतां घरीं राहून मिळवितो, म्हाताऱ्या आईबापांजवळ राहतो. पर्यटनाविरुद्ध बोलणाऱ्यांनीं हा मुलगा विसरूं नये.

त्याच रात्रीं आम्ही नदीकांठच्या एका विश्रांतिगृहांत उतरलों. तेथें मध्यरात्र उलटून जाईपर्यंत ध्वनिवर्धक गर्जत होता. तक्रार केली तेव्हां व्यवस्थापकानें सांगितलें कीं गिऱ्हाईक त्यासाठींच पैसे देतें. पहांटे आम्ही बाहेर पडलों, तों नदीच्या वाळूंत कागदी थाळ्या, प्लास्टिकचे पेले आणि फुटक्या बाटल्या पडलेल्या होत्या, व पलीकडच्या वाडीवरील दोन बायका त्यांतून वाट काढीत पाण्यावर येत होत्या. त्यांची झोंपहि त्या रात्रीं झाली नसेल. त्यांनीं तर खोलीचें भाडें भरून झोंप विकत घेतलेली नव्हती; ती त्यांची स्वतःचीच होती.

नदीच्या तक्रारींत प्रवाशांचा वांटा अर्थात् लहान आहे. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तिनें अनेकांस पोटास लावलें, आणि तिच्या सांडपाण्यामुळें खाडीची मासळी घटली अशी खालच्या गांवांतील कोळ्यांची जुनी तक्रारहि आहे. वरच्या अंगास नदी खेळावयाची, मधें तिचा घाट शोभवावयाचा, आणि खालच्या अंगास तिच्यांत वाटेल तें सोडावयाचें, हें कसें जमावें? नदी तर एकच आहे, आणि तिची योजनाहि एकच हवी.

आतां मुख्य मुद्दा. पर्यटन टिकाऊ करावें, असें अलीकडे सर्वत्र म्हणतात. त्याचा साधा अर्थ आम्हांस असा दिसतो कीं, यजमानाच्या पाण्याचा, झोंपेचा व धंद्याचा हिशोब प्रथम करावा. पाहुण्यांची संख्या त्यावरून ठरवावी. आज उलट चाललें आहे. प्रथम खोल्या बांधतात, मग पाणी शोधतात. प्रथम फलक लावतात, मग रस्ता अपुरा पडला म्हणतात. तालुक्यांत नवें विश्रांतिगृह निघावयाचें असेल, तर त्याच्या पाण्याचा उगम कोणता, व वैशाखांत तो कोणाच्या वाट्याचा, हें ग्रामसभेपुढें सांगितल्यावांचून परवानगी नसावी. पावसाचें पाणी सांठविणें आणि वापरलेलें पाणी बागेस फिरविणें, हे त्यास सक्तीचे धर्म असावे.

दुसरी गोष्ट वाहनांची. दोन्हीं गांवांस रेल्वे आहे, हें त्यांचें मोठें भाग्य. शनिवार-रविवारीं चार गाड्या अधिक सोडल्या, आणि स्टेशनाबाहेर ठरल्या दराचीं लहान वाहनें उभीं राहिलीं, तर शेंकडों मोटारी घरीं राहतील. तिसरी कारखान्यांची. पेणच्या कारागिरांच्या मंडळानेंच पाहण्याचे तास व माणसें ठरवावीं, आखणीच्या खिडकीपुढें दोरी बांधावी, नाममात्र शुल्क घ्यावें आणि तें मंडळाच्या पदरीं पडावें. मुलांस घटकाभर शाडू मळूं दिला, तर तीं शंभर फोटोंहून अधिक शिकतील. चौथी जेवणाची. प्रवाशांस मुंबईचेंच जेवण मुंबईच्या दुप्पट दरानें देण्यापेक्षां, बचत गटांच्या बायकांनीं तांदळाची भाकरी, वालाचें बिरडें व पोह्याचे पापड वाढले, तर पैसा गांवांत राहील.

हें स्वप्नरंजन नव्हे. याच जिल्ह्यांत माथेरान आहे. तेथें आजहि मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, नगरपरिषद प्रवाशांकडून कर घेते, आणि २००३ पासून तो डोंगर संवेदनशील क्षेत्र म्हणून राखला आहे. मोटार नाहीं म्हणून माथेरानास कोणी जाईनासें झालें, असें घडलें नाहीं. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत नोंदणी करून रोज ठराविक माणसें सोडण्याची पद्धत घालावी लागली. दूरच्या इटलींत व्हेनिस शहरानें एप्रिल २०२४ पासून कांहीं दिवशीं एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर पांच युरोंचा कर बसविला. परंतु नुसत्या करानें गर्दी हटत नाहीं, अशी तेथेंच टीका झाली. त्यापासून घ्यावयाचा धडा असा, कीं गर्दी होऊन गेल्यावर दारावर माणूस बसवून भागत नाहीं. पेण व रोहें यांस अद्याप तो दिवस आलेला नाहीं. हीच त्यांची संधि आहे.

आणि गांवकऱ्यांस विचारावें कसें, हें पेण तालुक्यास कोणी शिकवावयास नको. विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं शेतजमिनी घेण्याचें ठरलें, तेव्हां २१ सप्टेंबर २००८ रोजीं हेटवण्याच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांच्या शेतकऱ्यांचें प्रत्यक्ष मतदान घेऊन त्यांचा कौल अजमावण्यांत आला होता. जमिनीविषयीं जें एकदां करतां आलें, तें नदी, रस्ते आणि पाहुण्यांची संख्या यांविषयीं कां करतां येऊं नये? नगरपरिषदा, ग्रामपंचायती, कारागीर, तराफेवाले, कारखानदार व कोळी एका सतरंजीवर बसले, तर भांडतील हें खरें. परंतु योजना त्यांचीच होईल.

आमच्यासारख्या घरांचाहि यांत वांटा आहे. बारा माणसांनीं निघावयाचें, तर बारा माणसांचें पिण्याचें पाणी बरोबर असावें. कचरा पिशवींतून परत आणावा. कारागिराचा वेळ हा त्याचा पैसा आहे, हें मुलांस आधीं सांगावें. आणि ज्या गांवचें कौतुक केलें, त्या गांवचा माल तेथेंच, घासाघीस न करतां घ्यावा.

त्या वर्षींच्या भाद्रपदांत आमच्या घरीं पेणच्या त्याच कारखान्यांतली, पण नेहमींपेक्षां वीतभर लहान, शाडूची मूर्ति आली. अंगणांतल्या घंगाळांत तिचें विसर्जन केलें. दुसऱ्या दिवशीं तळाशीं मऊ माती उरली, ती मुलांनीं वाळवून डब्यांत ठेवली आहे. येत्या खेपेस ती त्या म्हाताऱ्या गृहस्थांस नेऊन द्यावयाची, असा त्यांचा बेत आहे. मातोश्रींचा बेत निराळा आहे. खारेपाटांतल्या त्या घरीं त्यांस पुन्हां जावयाचें आहे. पाऊस पडून गेल्यावर, आणि आपलें पाणी आपण घेऊन.